महाड व पोलादपूर तालुक्यांची अर्थव्यवस्था

महाड व पोलादपूर हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले दोन शेजारी तालुके आहेत. या लेखात त्यांच्या अर्थव्यवस्थेची जडणघडण आणि तिच्यात होत असलेले संक्रमण यांची माहिती दिली आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत येथील व्यवहार खाडीवरचे बंदर, घाटवाटांवरील मालवाहतूक आणि भातशेती यांवर चालत. पुढे सुमारे शंभर वर्षे मुंबईतील गिरणीकामगारांनी धाडलेल्या पैशांवर गावे तगून राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाडजवळ रासायनिक कारखाने उभे राहिले आणि रोख मजुरीचा एक मोठा स्रोत प्रथमच तालुक्याच्या हद्दीत आला. हे बदल दोन्ही तालुक्यांत सारख्या प्रमाणात पोहोचलेले नाहीत. महाडला कारखानदारी व बाजारपेठ लाभली, तर डोंगराळ पोलादपूर अजूनही मुख्यतः बाहेरगावच्या कमाईवर अवलंबून आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

महाड तालुक्याच्या उत्तरेस माणगाव तालुका, पूर्वेस पुणे जिल्हा आणि दक्षिण व नैर्ऋत्य बाजूंस रत्नागिरी जिल्हा आहे. पोलादपूर तालुक्याच्या पूर्वेस सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर व जावळीचा मुलूख, तर दक्षिणेस रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुका लागतो. दोन्ही तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. तरीही समुद्राशी त्यांचे नाते जुने आहे, कारण महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री नदी पोलादपुरातून व महाडजवळून वाहत जाऊन बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते आणि भरतीचे पाणी या खाडीतून महाडपर्यंत चढते.

सावित्रीला महाडच्या परिसरात काळ व गांधारी या नद्या मिळतात. डोंगरातून वेगाने उतरणारे पाणी, तीन नद्यांचे एकत्र येणे आणि खाडीतून वर येणारी भरती ही महाडची नैसर्गिक स्थिती होय. भरतीमुळे येथे बंदर झाले. मात्र अतिवृष्टीच्या वेळी हीच भरती पुराचे पाणी समुद्राकडे सरकू देत नाही. या परिसराचा आर्थिक इतिहास समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

पाऊस सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पडतो व तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि साठवणुकीच्या सोयी अपुऱ्या असल्याने हे पाणी वाहून जाते. परिणामी ज्या वाड्यांवर पावसाळ्यात दरड कोसळण्याचे भय असते, त्यांपैकी अनेक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरच्या पाण्याची वाट पाहावी लागते.

२०११ च्या जनगणनेनुसार महाड तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजार, तर पोलादपूर तालुक्याची सुमारे ४५ हजार होती. पोलादपुरात पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक आढळते. कामानिमित्त पुरुषांनी गाव सोडणे हे त्यामागील प्रमुख कारण आहे.

इतिहास

बंदर आणि घाटवाटा

महाडजवळच्या गांधारपाले येथील बौद्ध लेणी या भागातील प्राचीन वस्ती व व्यापाराची साक्ष देतात. कोकणातील अशी लेणी बहुधा बंदरे व घाटवाटा यांना जोडणाऱ्या मार्गांच्या आसपास कोरलेली दिसतात आणि महाड हे त्याचे एक ठळक उदाहरण आहे. शिवकाळात रायगड ही स्वराज्याची राजधानी झाली आणि १६७४ मध्ये तेथे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. राजधानीला लागणारे धान्य, मीठ, कापड व इतर जिन्नस यांच्या पुरवठ्यामुळे पायथ्याच्या पाचाडचे व महाडच्या बाजाराचे महत्त्व वाढले. पेशवाईच्या अखेरीसही महाडचे स्थान मोक्याचे होते. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेने पुणे घेतल्यावर दुसरा बाजीराव प्रथम महाडला आला व तेथून समुद्रमार्गे वसईकडे गेला. घाट उतरल्यावर जलमार्ग धरण्याचे हे ठिकाण होते, हे त्यावरून कळते.

मोठी गलबते दासगावपर्यंत येत, तर लहान नावा भरतीच्या पाण्यावर थेट महाडपर्यंत पोहोचत. बंदरात मीठ, सुकी मासळी, नारळ व मुंबईचा तयार माल उतरे. देशावरून वरंधा घाटाने व पारघाटाच्या बाजूने बैलांच्या पाठीवर धान्य, गूळ, कांदे असा माल खाली येई. कोकणातील तांदूळ आणि डोंगरातील हिरडा बाहेर जाई. या देवघेवीवर व्यापारी, हमाल, नावाडी, बैलवाले, सराफ व कारागीर अशा अनेकांचा चरितार्थ चाले.

१८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबई व देश यांच्यामधील माल मोठ्या प्रमाणावर त्या मार्गाने जाऊ लागला. दक्षिण कोकणातील घाटवाटांचा व्यापार त्यामुळे हळूहळू उतरणीस लागला. खाडीत साचत गेलेला गाळ आणि पुढे मोटाररस्त्यांची झालेली वाढ यांनी जलवाहतुकीचे उरलेसुरले महत्त्वही संपवले. महाडची बाजारपेठ टिकली, परंतु दोन प्रदेशांमधील दुवा ही तिची भूमिका जाऊन ती आसपासच्या गावांना किरकोळ माल पुरवणारी पेठ बनली.

खोती व जमीनधारणा

इंग्रजी अमलात कुलाबा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, रत्नागिरी जिल्ह्याप्रमाणेच, खोती पद्धत प्रचलित होती. खोत हा सरकार व कुळे यांच्यामधील वसुली करणारा वतनदार. सरकारी सारा भरल्यानंतर कुळांकडून येणारा उरलेला भाग त्याच्याकडे राही. भातशेतीत पिकाचा अर्धा वाटा खोताला देण्याची रीत अनेक ठिकाणी होती. शिवाय कुळांना खोताच्या शेतावर व घरी वेठीने कामे करावी लागत. जमीन सुधारली तर वाढीव उत्पन्नात खोत वाटेकरी होणार, हे कुळाला ठाऊक असल्याने बांधबंदिस्ती वा खतमूत यांवर खर्च करण्याची प्रेरणाच राहत नसे. या भागातील शेती दीर्घकाळ मागासलेली राहण्याचे हे एक महत्त्वाचे कारण होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. याच जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात चरी येथील शेतकऱ्यांनी १९३३ पासून अनेक वर्षे जमिनी न कसण्याचा संप चालवला होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने खोती संपुष्टात आली. १९४८ च्या कुळकायद्यातील पुढील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि कसणाऱ्या कुळांना जमिनीची मालकी मिळण्याचा मार्ग खुला झाला. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली व महार वतनाची जुनी चौकट मोडली.

या सुधारणांमुळे वेठ आणि खोताचा वाटा गेला, पण शेताचा आकार वाढला नाही. पिढ्यान् पिढ्या वाटण्या होऊन काही गुंठ्यांचे तुकडे पडले. एका सातबारा उताऱ्यावर अनेक वारसांची नावे असणे आणि त्यांतील बहुतेक मुंबईत राहणे ही स्थिती आज सर्वसामान्य आहे. अशा जमिनीवर कर्ज काढणे, ती विकणे किंवा तिच्यात सुधारणा करणे सारखेच अवघड होऊन बसते.

लष्करी नोकरी व चवदार तळे

ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांच्यासाठी लष्करातील नोकरी हा बाहेरच्या रोख उत्पन्नाचा पहिला मार्ग ठरला. महाड, दासगाव व परिसरातील अनेक महार कुटुंबांतील पुरुष इंग्रजांच्या फौजेत होते आणि निवृत्तिवेतन घेऊन ते गावी परतत. नियमित येणारे हे वेतन, साक्षरता आणि गावच्या वतनी कामाबाहेरचा अनुभव यांतून एक नवा वर्ग तयार झाला. महाडजवळच्या रावढळ येथील गोपाळबाबा वलंगकर हे असेच एक निवृत्त सैनिक. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाल्यावर त्यांनी तिच्याविरुद्ध अर्ज लिहिला. १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली.

मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये सार्वजनिक तळी अस्पृश्यांना खुली केली. हा ठराव अमलात आणण्यासाठी डॉ. आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. महाडच्या परिषदेच्या संघटनेत मूळचे या परिसरातील रामचंद्र बाबाजी मोरे यांचा पुढाकार होता. हा लढा मानवी हक्कांचा म्हणून ओळखला जातो, आणि त्याला आर्थिक बाजूही होती. बाजारहाटासाठी शहरात येणाऱ्या माणसाला पिण्याचे पाणी मिळत नसेल, तर बाजारात त्याला बरोबरीने वावरता येत नाही. मेलेली गुरे ओढणे, उष्टे मागणे अशी वतनी कामे सोडण्याचे आवाहन परिषदेत करण्यात आले. त्याचा अर्थ गावगाड्यातील ठरावीक मोबदल्याचा व्यवहार नाकारून शेती, शिक्षण व नोकरी यांकडे वळणे असा होता. तळ्याविषयीचा न्यायालयीन वाद १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला.

मुंबईची मनीऑर्डर

टपाल खात्याने १८८० मध्ये मनीऑर्डरची सेवा सुरू केली. त्याच काळात मुंबईत कापडगिरण्यांची संख्या वाढत होती. कुलाबा, रत्नागिरी व घाटावरच्या जिल्ह्यांतून कामगार मुंबईला जाऊ लागले. पावसाळ्यातील लावणीपुरते गावी येणे व उरलेले महिने मुंबईत काढणे ही प्रारंभीची पद्धत होती. पुढे कायम नोकरी लागली, तरी कुटुंब गावीच ठेवण्याची चाल बराच काळ राहिली. एका गावातील पुरुष गिरणगावातील चाळीत मिळून खोली घेत, खानावळीत जेवत आणि बचत गावी धाडत. प्रत्येक गावाचे ‘मुंबई मंडळ’ असे. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, विहीर वा रस्ता यांसाठी वर्गणी गोळा करण्याचे काम ते करी, आणि गावकीच्या निर्णयांतही त्याचा शब्द चाले.

अशा व्यवस्थेला ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ असे म्हटले जाते. जगातही तिची उदाहरणे आहेत. आखाती देशांतून येणाऱ्या पैशांवर केरळचा, तर परदेशी गेलेल्या मजुरांच्या कमाईवर नेपाळचा मोठा व्यवहार चालतो. या सर्व ठिकाणी एक समान लक्षण दिसते. आलेला पैसा घरबांधणी, लग्न, शिक्षण, आजारपण व रोजचे धान्य यांवर खर्च होतो, आणि स्थानिक उत्पादनात तो क्वचितच गुंतवला जातो. महाड-पोलादपुरात खाडीकाठच्या कोकणी मुसलमान कुटुंबांनी १९७० नंतर आखाती देशांची वाट धरली. तालुक्यातील फौजी आंबवडे या गावाने सैन्यातील नोकरीची परंपरा जपली, आणि त्याच्या नावातच ती दिसते. मार्ग निरनिराळे असले तरी कमाई गावाबाहेर व खर्च गावात हे सूत्र सर्वत्र सारखेच राहिले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. संप औपचारिकरीत्या मागे घेतला गेला नाही आणि अनेक गिरण्या पुन्हा पूर्ण क्षमतेने चालल्या नाहीत. भविष्यनिर्वाह निधी आणि कायम नोकरी असलेला कामगार जाऊन त्याच्या मुलांच्या वाट्याला सुरक्षारक्षक, वाहनचालक, हॉटेल कामगार, कुरिअर अशी कंत्राटी कामे आली. मुंबईतून येणारा पैसा थांबला नाही, परंतु त्याची शाश्वती गेली. मुंबईत जागा परवडेनाशी झाल्याने ही कुटुंबे नालासोपारा, दिवा, डोंबिवली, पनवेल अशा उपनगरांत व आसपासच्या शहरांत पांगली. २०२० मधील टाळेबंदीत मोठ्या संख्येने लोक गावी परतले, तेव्हा या अर्थव्यवस्थेचे नाजूक स्वरूप पुन्हा स्पष्ट झाले.

शेती

भात हे दोन्ही तालुक्यांचे मुख्य पीक आहे. नदीकाठच्या व खोऱ्यातील सपाट खाचरांत भात, तर डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी घेतली जाते. भाताच्या रोपवाटिकेसाठी पालापाचोळा, शेण व गवत जाळून राब भाजण्याची रीत जुनी आहे. कापणीनंतर जमिनीतील ओलाव्यावर वाल, हरभरा, मूग ही कडधान्ये घेतात. त्यांपैकी कडव्या वालाला मुंबई-पुण्याच्या बाजारात चांगली मागणी असते. खाडीलगत बांध घालून राखलेली खारभूमी आहे. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते व जमीन काही हंगाम नापीक होते.

कर्जत येथील भात संशोधन केंद्र आणि १९७२ मध्ये स्थापन झालेले दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ यांनी सुधारित वाण दिल्याने भाताचे उत्पादन वाढले. मात्र सिंचनाखालील क्षेत्र थोडे असल्याने बहुतांश शेती एकपिकी राहिली. १९९० च्या सुमारास राज्य शासनाने रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना सुरू केली. तिच्यामुळे आंबा व काजू यांची लागवड वरकस जमिनीत झाली. किनाऱ्यालगतच्या तालुक्यांच्या तुलनेत येथे पाऊस अधिक व मोहोर उशिराचा असल्याने आंब्याला हंगामाच्या सुरुवातीचा चढा भाव मिळणे कठीण जाते.

अलीकडील काळात पडीक जमिनीचे प्रमाण वाढले आहे. त्याची कारणे परस्परांत गुंतलेली आहेत. लावणी-कापणीला माणसे मिळत नाहीत. मिळाली तरी मजुरी आणि भाताचा भाव यांचा मेळ बसत नाही. निम्मी शेते ओस पडल्यावर उरलेल्या शेतांवर रानडुकरे व वानरे यांचा उपद्रव वाढतो आणि कसणाराही थकून शेत सोडतो. सार्वजनिक वितरण व्यवस्थेतून स्वस्त धान्य मिळू लागल्याने पोटापुरते पिकवण्याची निकडही पूर्वीसारखी राहिलेली नाही.

भूमिहीनांमध्ये कातकरी समाजाची स्थिती सर्वांत बिकट आहे. केंद्र शासनाने त्यांची गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केली आहे. पूर्वी काथ व कोळसा पाडणे हा त्यांचा व्यवसाय होता. आता पावसाळा संपताच कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्या व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. मुकादमाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल पुढचा सारा हंगाम काम करून फेडावी लागते. मुले आईवडिलांसोबत जात असल्याने शाळा मध्येच सुटते. मनीऑर्डरच्या अर्थव्यवस्थेत निदान काही शिल्लक गावी येत असे. या हंगामी स्थलांतरात मात्र शिल्लक राहण्याऐवजी पुढील वर्षाचे कर्जच गावी येते.

उद्योग

मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात एकवटलेले कारखाने इतरत्र पसरावेत म्हणून महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना केली आणि १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. या धोरणातून रायगड जिल्ह्यात तळोजा, रोहा, पाताळगंगा अशी औद्योगिक क्षेत्रे विकसित झाली. महाडचे क्षेत्र त्यांपैकीच एक असून ते बिरवाडी, नांगलवाडी, जिते या गावांच्या परिसरात पसरले आहे. महामार्गाचे सान्निध्य, नदीचे पाणी, स्वस्त भूखंड व करसवलती यांमुळे येथे मुख्यतः रासायनिक उद्योग आले. रंगद्रव्ये, औषधांसाठी लागणारी मध्यवर्ती रसायने, सुगंधी रसायने, ॲसिटिल संयुगे व पीकसंरक्षक द्रव्ये यांचे उत्पादन येथे होते. सुदर्शन केमिकल, प्रिवी, लक्ष्मी ऑरगॅनिक व हिकल या कंपन्यांचे कारखाने येथे आहेत. त्यांच्या मालाचा मोठा भाग परदेशी जातो. एके काळी गलबतांतून बाहेर जाणारा महाडचा माल आता टँकर व कंटेनर यांतून न्हावा-शेवा बंदराकडे जातो.

कारखान्यांमुळे तालुक्यात राहूनच नियमित पगार मिळवणे शक्य झाले. आयटीआय वा रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या स्थानिक तरुणांना चालक, प्रयोगशाळा सहायक, पर्यवेक्षक अशी कामे मिळाली. वाहतूक, खानावळी, यंत्रदुरुस्ती, भाड्याची घरे व बांधकाम यांना चालना मिळाली. मात्र रासायनिक उद्योगात गुंतवणुकीच्या मानाने माणसे कमी लागतात. भराई, उतराई व साफसफाईची कामे बहुधा कंत्राटी असतात आणि त्यांवर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले कामगारही मोठ्या संख्येने दिसतात. ज्या प्रदेशातील माणसे शंभर वर्षे मुंबईला जात राहिली, त्याच प्रदेशात आता दूरची माणसे मजुरीसाठी येत आहेत. याचे एक कारण असे की, शिकलेला स्थानिक तरुण पाळीचे धोकादायक कंत्राटी काम करण्यापेक्षा मुंबई-पुण्याची नोकरी पसंत करतो.

सांडपाण्याच्या प्रक्रियेसाठी औद्योगिक क्षेत्रात सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे व प्रक्रिया केलेले पाणी सावित्रीच्या खाडीत सोडले जाते. नदी व खाडीतील प्रदूषण, मासे मरणे आणि विहिरींचे पाणी बिघडणे यांविषयी स्थानिकांच्या तक्रारी अनेक वर्षांपासून आहेत. खाडीतील मासेमारीवर जगणाऱ्या भोई व कोळी कुटुंबांना याची सर्वाधिक झळ बसली. कारखान्याचा पगार एका घरात जातो, तर नदीचे नुकसान दुसऱ्याच घरात सोसले जाते. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. कामगारांची सुरक्षितता हा दुसरा गंभीर प्रश्न आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये येथील एका औषधी रसायनांच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली व अनेक कामगारांचा मृत्यू झाला.

वाहतूक, बाजारपेठ व पर्यटन

मुंबई-गोवा महामार्ग ही दोन्ही तालुक्यांची मुख्य वाहिनी आहे. महाड हे मुंबईपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर असून पोलादपूर त्याच्या पुढे सुमारे वीस किलोमीटरवर आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला व कशेडी घाटाने खेडकडे जाता येते. कशेडीचा डोंगर भेदून काढलेल्या बोगद्यांमुळे घाटातील वळणे टळतात. दुसरीकडे, घाटाच्या जुन्या रस्त्यावरील चहाच्या टपऱ्या व हॉटेले यांचा धंदा बसतो. महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम दशकाहून अधिक काळ रेंगाळल्याने मालवाहतूक व पर्यटन या दोहोंचे नुकसान झाले.

कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. वीर, सापे वामने, करंजाडी व विन्हेरे ही स्थानके महाड तालुक्यात असली, तरी महाड शहर मार्गापासून दूर आहे आणि पोलादपूर तालुक्यात एकही स्थानक नाही. त्यामुळे प्रवाशांचा भर एसटी व खाजगी वाहनांवरच राहिला.

महाडची बाजारपेठ दोन्ही तालुक्यांतील गावांना, तसेच मंडणगडच्या काही भागाला माल पुरवते. गणेशोत्सव, शिमगा व मे महिन्याची सुट्टी या काळात चाकरमानी गावी येतात आणि वर्षाच्या उलाढालीचा मोठा भाग या काही आठवड्यांत होतो. गौरी-गणपतीचा हंगाम पुरात बुडाला, तर दुकानदाराचे सारे वर्ष कोलमडते.

रायगड किल्ला हे पर्यटनाचे मुख्य केंद्र आहे. किल्ल्यावर जाण्यासाठी रज्जुमार्गाची सोय आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी स्थळांच्या बारा किल्ल्यांत रायगडचा समावेश आहे. पोलादपूरमार्गे जाता येणारा, सातारा जिल्ह्यातील प्रतापगडही त्या यादीत आहे. याशिवाय चवदार तळे, गांधारपाले लेणी, शिवथरघळ, सव येथील उष्ण पाण्याचे झरे, पोलादपूर येथील कवींद्र परमानंदांची समाधी आणि तानाजी मालुसरे यांचे उमरठ ही स्थळे आहेत. दरवर्षी २० मार्चला हजारो अनुयायी महाडला येतात. मात्र बहुतेक पर्यटक एका दिवसात परततात. निवास, वाटाडे, स्थानिक खाद्यपदार्थ व बचत गटांची उत्पादने यांना जोडणारी साखळी अद्याप पुरेशी उभी राहिलेली नाही.

नैसर्गिक आपत्ती व त्यांचा आर्थिक परिणाम

जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळून जवळपास २०० माणसे दगावली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील १९२८ मध्ये बांधलेला पूल कोसळला. दोन एसटी गाड्या व इतर वाहने वाहून जाऊन सुमारे ४० जण मृत्युमुखी पडले. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने जिल्ह्यातील बागा व घरे यांची हानी केली. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराखाली गेले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसांचा मृत्यू झाला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले.

अशा आपत्तींत जीवितहानी ही सर्वांत मोठी हानी असतेच. त्यापुढे आर्थिक परिणाम वर्षानुवर्षे रेंगाळतात. २०२१ च्या पुरात बाजारपेठेतील दुकानांचा माल, गोदामांतील धान्य, वाहने व घरांतील चीजवस्तू नष्ट झाल्या. लहान दुकानदारांपैकी अनेकांचा विमा नव्हता आणि शासकीय मदत नुकसानीच्या मानाने थोडी होती. दरडग्रस्त कुटुंबांना नव्या जागी घरे मिळाली, तरी शेत, गोठा व कुरण जुन्या वाडीपाशीच राहिले. पुनर्वसनात घराचा प्रश्न सुटतो, उपजीविकेचा तसाच राहतो.

पुराची तीव्रता वाढण्यामागे नदीपात्रातील गाळ, पात्रालगतची बांधकामे व भराव, आणि डोंगरावरील झाडांची तोड ही कारणे सांगितली जातात. २०२१ नंतर सावित्रीतील गाळ काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले. पूररेषेतील बांधकामांवर निर्बंध आवश्यक मानले जातात. त्यांतून शहरातील जागांच्या किमती व जुन्या पेठेचे भवितव्य हे नवे प्रश्न उभे राहतात.

दोन तालुक्यांमधील अंतर

पोलादपूर तालुक्यात मोठे औद्योगिक क्षेत्र नाही. शेती अल्प, उतार तीव्र व वाड्या विखुरलेल्या आहेत. येथील काही कामगार रोज महाडच्या कारखान्यांत जातात, पण बहुसंख्य तरुण मुंबई, नवी मुंबई व पुण्याकडे वळतात. पूर्वी पुरुष एकटा जाई व कुटुंब गावी राही. आता शिक्षणासाठी कुटुंबच सोबत जाते. गावी धाडायच्या पैशांची गरज त्यामुळे कमी होते आणि मनीऑर्डरचा तो जुना ओघही आटतो. पटसंख्या घटल्याने वाड्यांवरील प्राथमिक शाळा अडचणीत येतात. शाळा बंद झाली की उरलेली तरुण कुटुंबेही निघतात. वाडीवर वृद्ध मागे राहतात आणि त्यांच्यासाठी दवाखान्यापर्यंतचा रस्ता हा सर्वांत मोठा आर्थिक प्रश्न ठरतो.

सद्यःस्थिती

राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेत संक्रमण म्हणजे सामान्यतः शेतीकडून उद्योगाकडे व उद्योगाकडून सेवांकडे होणारी वाटचाल समजली जाते. महाड-पोलादपुरात हे टप्पे क्रमाने आले नाहीत. बंदराचा व्यापार ओसरला, तेव्हा त्याची जागा येथील उद्योगाने घेतली नाही, मुंबईच्या मजुरीने घेतली. कारखाने आले, तेव्हा शेती सुधारून मोकळी झालेली माणसे त्यांत गेली नाहीत. शेती आधीच ओस पडू लागली होती. त्यामुळे तिन्ही काळांचे अवशेष आज एकत्र नांदताना दिसतात. एकाच घरात आजोबांच्या नावे भाताचे खाचर, वडिलांना गिरणीचे तुटपुंजे निवृत्तिवेतन आणि मुलाला रासायनिक कारखान्यात कंत्राटी पाळी असू शकते.

या प्रदेशात पैसा प्रत्येक काळात आला. तो येथेच मुरला नाही, ही त्याची मूळ अडचण राहिली. जमिनीच्या सामाईक नावांचा गुंता सोडवणे, पावसाचे पाणी वाडीपातळीवर साठवणे, नाचणी, वाल व काजू यांवर गावातच प्रक्रिया करणे, कारखान्यांत स्थानिकांना कायम व सुरक्षित काम मिळणे आणि नदीच्या आरोग्याची जबाबदारी निश्चित होणे हे उपाय सातत्याने मांडले जातात. रायगड जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील महिला बचत गट व रोजगार हमी योजना ही त्यासाठीची उपलब्ध साधने आहेत. त्यांचा लाभ महामार्गालगतच्या गावांपुरता न राहता डोंगरातील वाड्यांपर्यंत पोहोचतो की नाही, यावर पोलादपूरसारख्या तालुक्याची वस्ती टिकणे अवलंबून आहे.

हे सुद्धा पाहा

महाड
पोलादपूर
सावित्री नदी
चवदार तळे
खोती पद्धत
कोकण रेल्वे
१९८२ चा गिरणी संप